तळहाताचा घाम काय सांगतो?

श्रोतेहो, मुलाखतीला आत बोलावलं की तळहात ओलसर होतो, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. हा घाम मे महिन्यातल्या घामासारखा नव्हे. तळहाताच्या घर्मग्रंथी उकाड्यापेक्षा मनाच्या खळबळीला लवकर दाद देतात. त्यांची सूत्रं स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतात; तिथं आपली इच्छा कुणी विचारत नाही.

घाम म्हणजे खारट पाणी, त्यातून वीज सहज वाहते. म्हणून दोन बोटांना पट्ट्या लावून सुमारे अर्धा व्होल्ट दाब दिला, की त्वचेची वाहकता मोजता येते. १८८८ साली फ्रान्समध्ये फेरे यांनी असे बदल नोंदवले. पुढे युंग यांनी एकेक शब्द ऐकवून ते तपासले. शब्द कानावर पडल्यावर एक ते तीन सेकंदांत आलेख चढतो. अर्थात तो साध्या खोकल्यानंही चढतो!

१९८५ साली अमेरिकेत ट्रॅनेल आणि दमासिओ यांनी एक विलक्षण प्रयोग केला. मेंदूच्या इजेमुळे चेहरे ओळखू न शकणाऱ्या दोन रुग्णांना त्यांनी छायाचित्रं दाखवली. त्यात काही चेहरे परिचितांचे होते. रुग्णांना ते अनोळखीच वाटत होते. पण नेमक्या त्याच चेहऱ्यांना त्यांची त्वचा अधिक प्रतिसाद देत होती. तोंड 'नाही' म्हणत होतं, बोटं 'हो' म्हणत होती, आणि यात खोटं कुणीच बोलत नव्हतं.

हे आठवलं की पॉलिग्राफला 'खोटं पकडणारं यंत्र' म्हणणं मला खटकतं. श्वास, रक्तदाब यांच्याबरोबर तेही हाच घाम मोजतं. मन ढवळलं एवढं त्याला कळतं. कशानं, ते नाही. चोर घाबरतो, तसा पोलिसांपुढे बसलेला निरपराधही घाबरतो. 

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की संमतीशिवाय ही चाचणी कुणावरही लादता येणार नाही. संमतीनं केली, तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे. तिच्या मदतीनं पुढे काही सापडलं, तर तेवढंच विचारात घेता येईल. आणि ती संमती पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची असते. वकिलाचा सल्ला घेण्याची संधीही त्या माणसाला मिळायला हवी.