पुरुषाचे अश्रू

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या सत्कारास उत्तर देताना केलेले भाषण)



आज आपण आम्हां वृद्धांच्या खांद्यांवर शाली घातल्या, याबद्दल सर्वांच्या वतीने मी आपला ऋणी आहे. गेल्या वर्षी याच प्रसंगी आपल्यांतील एका आदरणीय गृहस्थांचा सत्कार झाला. त्यांनी भर तारुण्यात मोठी दुःखे पचविली. त्यांना रडताना कोणी पाहिले नव्हते. शाल अंगावर पडताच मात्र त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मागील रांगेतील काही तरुण हसले. “म्हातारपणी माणूस हळवा होतो,” असे एकजण म्हणालाही. त्या तरुणांवर माझा राग नाही. का नाही, ते पुढे सांगेन. परंतु त्या हसण्यामुळेच आजचा विषय मला सुचला.

लहानपणी मुलगा आणि मुलगी सारखीच रडतात. गुडघा फुटला, भूक लागली, आई दृष्टीआड झाली की दोघांच्याही डोळ्यांत पाणी येते. अंतर पडते ते पुढे, वयात येण्याच्या सुमारास. पाश्चात्त्य संशोधकांच्या पाहण्यांतही हेच आढळले आहे. त्यात निसर्गाचा भाग असेल, पण आपलाही हातभार काही थोडा नाही. “मुलीसारखा रडतोस काय?” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मुलगा आपल्या घरांत सापडणे कठीण. त्या दिवसापासून मुलगा रडणे सोडतो असे नव्हे, तो लपून रडू लागतो. पुढे लपण्याचीही सवय सुटते आणि डोळे कोरडे होतात.

गृहस्थाश्रमात तर हा कोरडेपणा कर्तव्यच होऊन बसतो. आपल्या पुण्यातीलच उदाहरण घ्या. 1903 साली लोकमान्य टिळकांचा ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ प्लेगने गेला. त्या दु:खातही त्यांनी ‘केसरी’चे काम थांबविले नाही आणि सांत्वनास आलेल्यांना, सगळ्या गावाची होळी पेटली असता आपल्याही घरच्या गोवऱ्या तीत जावयाच्याच, अशा आशयाचे उत्तर दिले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 1911 च्या मार्चमध्ये मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. अशा धैर्यापुढे आपण नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु याच टिळकांची दुसरी हकीकत आपण तितक्या अगत्याने सांगत नाही. टिळक आणि आगरकर दोघेही 1856 च्या जुलै महिन्यात जन्मलेले. दोघांनी मिळून शाळा व पत्रे चालविली. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद विकोपास गेले आणि लेखणीने एकमेकांना ओरबाडण्यापर्यंत मजल गेली. जून 1895 मध्ये आगरकर निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर मृत्युलेख लिहिताना टिळकांचे डोळे वाहत होते असे सांगतात. पुत्रवियोगही गिळून टाकणाऱ्या पुरुषास मित्रवियोगाने रडविले. त्या अश्रूंत केवळ वियोग नसावा. जे बोलावयाचे राहून गेले, त्याचाही भाग असावा असे मला वाटते.

मग आपल्या वाडवडिलांनी हे पाणी रिते करावे तरी कोठे? कोणी कीर्तनात केले. वैष्णवांनी अश्रूंना अष्टसात्त्विक भावांत स्थान दिले आहे, म्हणून तेथे रडणाऱ्यास कोणी हसत नाही. कोणी नाटकगृहात केले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. चौथ्या अंकात कण्वमुनी शकुंतलेस सासरी पाठवितात. अरण्यात राहणाऱ्या तपस्व्याचा कंठ जेथे दाटतो, तेथे संसारी बापाने काय करावे, असे कण्वच विचारतो. स्वतःच्या मुलीच्या बिदाईस कोरडा राहिलेला गृहस्थ तेथे दुसऱ्याच्या मुलीसाठी रडू शके. पुढे ‘एकच प्याला’तील सिंधूने आणि 1953 साली आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाने हेच केले. काळोखात शेजारचा माणूसही डोळे पुसत असतो, हा केवढा आधार!

आता घरची गोष्ट सांगतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नारायण पेठेत नदीच्या बाजूस आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पाणी ओसरल्यावर तेथे चिखल आणि एक वाकलेला हंडा एवढेच उरले. वडील त्या चिखलात उभे राहिले. चेहऱ्यावरील रेषाही हलली नाही. काही आठवड्यांनी ते किराणा दुकानदाराकडे मागील उधारीचे बोलावयास गेले. घरी परतले ते खांद्यावर धान्याची पिशवी घेऊन, आणि पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडू लागले. मी भेदरून आईकडे धावलो. आई म्हणाली, “रडू दे त्यांना. फार दिवस कोंडून होते.”

काय घडले ते आईकडून पुढे कळले. त्या दुकानदाराचेही सर्वस्व भिजून गेले होते. वडिलांनी बाकीचा आकडा सांगताच तो म्हणाला, “अहो, वहीच पाण्यात गेली. वही नाही, तर उधारी कसली? आधी मुलांना जेवू घाला.”

वडील चौऱ्याऐंशी वर्षे जगले. पुराची हकीकत ते वारंवार सांगत. घर गेले, भांडी गेली, हे कोरड्या डोळ्यांनी सांगत; दुकानदारापर्यंत आले की गळा दाटे आणि गोष्ट तेथेच थांबे. अशा वेळी मी उठून बाहेर जात असे. मला संकोच वाटे; खरे सांगावयाचे तर लाज वाटे. त्या गोष्टीचा शेवट त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. ती उधारी त्यांनी पुढे कधी फेडली काय, हेही मी विचारले नाही. आज विचारावयास ते नाहीत. मागील रांगेतील तरुणांवर मी रागावत नाही, त्याचे कारण हे.

आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे आणि तीच गोष्ट मलाही अडखळल्यावाचून सांगता येत नाही, हे आपण आत्ताच पाहिलेत. माणूस लहानपणी स्वतःच्या वेदनेने रडतो. तारुण्यात अपमानाने रडतो, पण लपून. प्रौढपणी दुसऱ्यांना आधार द्यावयाचा म्हणून रडत नाही. वृद्धपणी मात्र तो नुकसानापेक्षा चांगुलपणाने अधिक रडतो. जगात काय काय हरवते हे त्याने पाहिलेले असते. म्हणून जे अनपेक्षितपणे लाभले त्याचे मोल त्यास कळते. यास मी दुबळेपणा म्हणणार नाही. पक्षाघातानंतर वगैरे कारणावाचून वारंवार रडू येऊ लागले, तर तो आजार असू शकतो आणि वैद्याचा सल्ला घ्यावयास हवा, ही गोष्ट वेगळी.

मंडळापुढे माझी दोनच मागणी आहेत. घरातील लहान मुलास ‘मुलीसारखा रडू नकोस’ असे म्हणणे आपण सोडून द्यावे; त्यात मुलाचाही अपमान आहे आणि मुलीचाही. दुसरे, घरातील वृद्धाचा गळा एखाद्या गोष्टीवर दाटला, तर उठून जाऊ नये. पाण्याचा पेला पुढे करावा आणि थांबावे. गोष्टीचा उरलेला भाग बहुधा त्यानंतरच येतो.