पाडव्यापासून पाडव्यापर्यंत



शाळेचं पहिलं सत्र संपत आलं, सहामाही परीक्षा आटोपली, की मुख्याध्यापक एक कागद लिहायला बसतात. सत्रभरात शाळेने काय काय केलं, याचा तो अहवाल असतो. पटावर किती मुलं आली, कोणकोणते दिन साजरे झाले, कबड्डीचा आणि खो-खोचा संघ कुठवर पोचला, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला किती मुलं बसणार, परसबागेत काय पिकलं, असं सगळं त्यात येतं. पालकसभेत तो वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि मंडळी दिवाळीच्या तयारीला लागतात. या अहवालाविषयीच आज मला आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत. विषय तसा लहान वाटेल. पण आपल्या बीड जिल्ह्यात याच कागदाच्या आड एक मोठा प्रश्न उभा असतो, आणि तो हजारो घरांचा आहे.

केज तालुक्यातलं नांदूरघाट घ्या, की बालाघाटच्या रांगेतलं दुसरं कोणतंही गाव घ्या. इथली शेती पावसाच्या भरवशावरची. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी याच भागातून वाहत जाते; पण डोंगराकडेच्या रानाला तिचं पाणी कुठून मिळणार? खरिपाची सुगी झाली, की हाताला काम उरत नाही. अशा गावातली शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा वर्ग भरलेले असतात. गावात माणसं असतात, म्हणून शाळेत मुलं असतात. पहिलं सत्र हे आपल्या शाळांचं भरभराटीचं सत्र.

या सत्रात शाळा जे करते, ते कमी मोलाचं नाही. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत एरवी मागे राहणारं पोर पुढे येऊन घोषणा देतं. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. 1948 साली याच दिवशी निजामी राजवट संपली. त्या राजवटीत वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठी घरातल्या मुलाला परक्या भाषेतून शिकावं लागे. आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत होते. पुढे हैदराबादच्या लढ्याचं नेतृत्व करणारा हा माणूस मुळात शाळामास्तर होता, हे मुलांना जरूर सांगावं. आपल्या भाषेतली शाळा मराठवाड्याला सहज मिळालेली नाही. मग पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. डॉक्टर अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी मुलं पुस्तकं हातात घेऊन झाडाखाली बसतात. हे सगळं चांगलंच आहे. यातूनच मूल सभेत उभं राहायला शिकतं, दोन वाक्यं नीट बोलायला शिकतं.

पण श्रोतेहो, अहवाल इथेच संपतो, आणि खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

दिवाळीचा पाडवा झाला, की गावच्या रस्त्याला ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. त्यांत भांडीकुंडी, धान्याची पोती, अंथरूण-पांघरूण आणि कोयते चढतात. आणि त्यांच्या वर मुलं बसतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी अहिल्यानगरकडे, कुणी थेट कर्नाटकात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असतो. ही माणसं परत येतात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला. म्हणजे एका पाडव्याला गेलेलं मूल दुसऱ्या पाडव्याला गावात दिसतं. मधला सगळा काळ शाळेच्या दुसऱ्या सत्राचा.

जरा हिशेब करून पाहू. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. पहिली ते पाचवीला वर्षाकाठी निदान 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने मूल फडावर राहिलं, आणि महिन्याला वीस दिवस शाळा भरली असं धरलं, तर शंभर दिवस गेले. दोनशेतले शंभर! रुपयातले आठ आणे गेले म्हणायचे. पहिल्या सत्रात बेरीज-वजाबाकी शिकलेलं मूल परत येतं, तेव्हा वर्ग गुणाकार-भागाकार संपवून पुढे गेलेला असतो. असं दोन-तीन वर्षं झालं, की मूल आपणहून म्हणतं, ‘मला शाळा नको.’ आपण म्हणतो, पोराला डोकं नाही. डोकं आहे हो. त्याला दिवसच मिळाले नाहीत.

मग आई-बापांना दोष द्यायचा का? मुळीच नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, ही तोडीची भाषा आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोघांनाही जावंच लागतं. मागे म्हातारं माणूस असेल तर मूल ठेवता येतं. नसेल तर कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की काळजी दुप्पट होते. बरोबर न्यावी तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यात आणि कोपीवरच्या स्वयंपाकात तिचं वर्ष जातं; मागे ठेवावी तर आईचा जीव टांगणीला लागतो. अशा काळजीपोटी कित्येक घरांत तिचं लग्न उरकण्याचा विचार सुरू होतो. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं हा गुन्हा आहे, हे खरंच. पण नुसता कायदा सांगून आईची काळजी मिटत नाही. तिला मुलीसाठी सुरक्षित जागा दिसली पाहिजे.

अशी जागा निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1901 सालापासून वसतिगृहांना हात दिला, आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड त्यांनी ठेवला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सर्व जातींची मुलं एका छपराखाली ठेवली. शाळा काढून भागत नाही, मुलाच्या भाकरीची आणि निजण्याची सोय केली तरच गरिबाचं मूल शिकतं, हे या दोघांनी ओळखलं होतं. आज आपल्या जिल्ह्याची माणसं त्याच कोल्हापूर-साताऱ्याकडे ऊस तोडायला जातात. तिथला ऊस तर आपण तोडतोच. तिथला हा धडाही आपण घेतला पाहिजे.

शासनाने याच धर्तीवर हंगामी वसतिगृहांची सोय ठेवली आहे. आई-बाप तोडीला गेले, की मूल गावातच राहतं, त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था होते, आणि शाळा व्यवस्थापन समिती त्यावर देखरेख करते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना 2021 साली मंजूर झाली. तिच्यात मुलींसाठी वेगळी वसतिगृहं आहेत. जे मूल आई-बापांबरोबर जातं, त्यालाही कायद्याचा आधार आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, तो जिथे असेल तिथल्या शाळेने वयानुरूप वर्गात बसवून घेतलं पाहिजे. दाखला हातात नाही, एवढ्या कारणावरून त्याला परत पाठवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देण्याची रीतही आपल्याकडे आहे. ते कार्ड दाखवलं, की नव्या शाळेतल्या गुरुजींना कळतं, हे मूल कोणत्या वर्गातलं आहे आणि कुठवर शिकलं आहे.

सोयी आहेत, कायदा आहे, मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते वेळेशी. नीट विचार करा. मूल जातं दिवाळीनंतर. पण ते जाणार हे ठरतं केव्हा? ज्या दिवशी मुकादमाकडून उचल घेतली, त्या दिवशी ठरतं. आणि उचल घेतली जाते पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घरात पैशाची नड असते आणि शाळेत झेंडावंदनाची तालीम चालू असते. म्हणजे दुसऱ्या सत्राचा निकाल पहिल्या सत्रातच लागलेला असतो! दिवाळीनंतर रिकामे बाक मोजून वसतिगृहाचा प्रस्ताव करायला बसलो, तर गाड्या केव्हाच निघून गेलेल्या असतात. पेरणी मृगात करायची सोडून पोळ्याला तिफण बाहेर काढावी, तसं ते होतं.

म्हणून पहिल्या सत्रातच करायची तीन-चार कामं मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिलं काम शिक्षकांचं. ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघर जाऊन यादी करावी. कोण जाणार, मागे कोण राहणार, आजी-आजोबा धडधाकट आहेत का, मुलगी कोणत्या वर्गात आहे, एवढं एका वहीत उतरवावं. शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठी बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. त्यांना ही वही फार उपयोगी पडेल. त्या यादीवरून वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीपूर्वी पुढे गेला पाहिजे.

दुसरं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक तरी आई त्यात असावी. मुलीला कुठे ठेवायचं, तिथे रात्री कोण असेल, हे प्रश्न तीच बाई विचारील. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, की दहा मुली गावात राहतील.

तिसरं काम आजी-आजोबांचं. आजीबाई, आपल्याला अक्षर येत नसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळी नातवाला दिव्यापाशी बसवून ‘आज गुरुजींनी काय शिकवलं, ते मला सांग,’ एवढं म्हटलंत तरी पुरे. सांगता सांगता त्याचा धडा पक्का होतो. अन् सकाळी शाळेची वेळ चुकू देऊ नका.

चौथं काम कारखान्याच्या भागातल्या शिक्षकबंधूंचं आणि भगिनींचं. आपल्या शाळेजवळ कोप्या पडल्या, की एकदा तिथे चक्कर टाकावी. तिथलं मूल चार महिन्यांचं पाहुणं आहे खरं. पण पाहुण्यालाही आपण ताटावर बसवतोच की! तिकडे शिकलेला एक एक दिवस इकडच्या शाळेत कामी येतो.

आणि शेवटी त्या अहवालाविषयी. माझी सर्व मुख्याध्यापकांना नम्र सूचना आहे, की अहवालात दोन आकडे नव्याने घालावेत. दिवाळीच्या पाडव्याला वर्गात किती मुलं होती, आणि गुढीपाडव्याला किती आहेत. चाळीसच्या वर्गात दिवाळीनंतर पंचवीस उरली, तर तेही लिहावं. त्यात कमीपणा नाही. पुढच्या वर्षी पंचविसाची तीस झाली, तर गावाने त्याच टाळ्या वाजवाव्यात, ज्या ढाल जिंकून आणणाऱ्या संघासाठी आपण वाजवतो. ढाल कपाटात राहते. पण जी मुलगी कोपीवर न जाता दुसऱ्या सत्रात बाकावर बसली, ती पुढे आई होईल तेव्हा तिचं मूलही शाळेत जाईल.

सात नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 1900 साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. आपल्याकडे नेमक्या याच सुमाराला गाड्या भरतात. पटावर नाव चढलं म्हणून भीमरावांचे आंबेडकर झाले नाहीत. ते रोज वर्गात जाऊन बसले, वेगळं बसवलं तरी बसले, म्हणून झाले. तेव्हा येत्या दिवाळीत गावातून गाडी निघताना आपण पाहाल, तर तीत किती लहान डोकी आहेत ती मोजा. आणि पुढच्या वर्षी त्यातलं एक तरी डोकं खाली, शाळेच्या बाकावर दिसेल, यासाठी श्रावणातच कामाला लागा.