अंगणाचे काम आणि गावचा गडी

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांच्या सभेत झालेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार झाला. गाभारा, सभामंडप, कळस यांविषयी अधिकाराने बोलणारी मंडळी येथे पुष्कळ आहेत. प्रस्तुत विषय त्या मानाने लहान आहे, अक्षरशः पायाखालचा आहे. कोकणात शिमग्याला देवाची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. ती टेकते अंगणात. ते अंगण उकरून सपाट करून घेणे आणि त्यासाठी गावातलीच माणसे कामाला लावणे, एवढाच आजचा विषय.

पूर्वी यावर भाषण करण्याची वेळच येत नव्हती. पाऊस सरला, भात कापणीला आले की झोडणीसाठी खळे लागे. घरातील माणसे कुदळीने जमीन उकरीत, ढेकळे फोडीत, वर नवी माती पसरून पाणी शिंपीत, चोपण्याने चोपून काढीत आणि शेणाने सारवीत. तुळशीच्या लग्नापूर्वी अंगण झालेच पाहिजे असा दंडक होता. शेजारी एकमेकांच्या कामाला जात. घाटावर अशाच रीतीला इर्जिक म्हणतात. मजुरी नव्हती, जेवण होते. या रीतीचे गोडवे पुष्कळ गायले जातात. तथापि एक गोष्ट विसरू नये. दुसऱ्याच्या अंगणात राबणारे परंतु ज्यांच्या अंगणात कोणी फिरकत नसे, असे लोकही होते. त्यांच्या हातात रोख मजुरी पडू लागली, ही त्यांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली.

आता परिस्थिती पालटली आहे. बरीच घरे वर्षातून दोनदा उघडतात, गणपतीला आणि शिमग्याला. घरधनी मुंबईहून फोन करतो, "पालखीच्या आत अंगण तेवढं करून ठेवा." फोन ज्याला केला तो पॉवर टिलरवाल्याला सांगतो, टिलरवाला येऊन तास-दीड तास जमीन उकरतो, पैसे घेतो आणि जातो. घरधनी येऊन पाहतो तो अंगण नांगरल्या शेतासारखे! मग रागावणे आले, आणि गावात कामाला माणसे राहिली नाहीत हे नेहमीचे वाक्यही आले.

यात टिलरचा दोष नाही. टिलर जमीन उकरतो, सपाट करीत नाही. त्याची पाती चार-पाच इंच माती भुसभुशीत करतात. जेथे उंचवटा होता तेथे भुसभुशीत उंचवटा राहतो आणि खळगा होता तेथे भुसभुशीत खळगा. कुदळीने दोन दिवस लागणारे काम तो तासाभरात करतो, हा त्याचा उपकार मोठाच आहे. परंतु सपाटीचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते फावडे, घमेले आणि माणसाची नजर यांनीच होते. म्हणून टिलर ठरविताना त्याच वेळी मागचे तीन-चार गडी-बाया ठरवाव्यात. उकरलेली माती दोन आठवडे तशीच पडली तर वाळून ढेकळे होतात आणि काम दुप्पट होते.

टिलर आणण्यापूर्वी जमिनीची ओल पाहावी. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. चिखल असेल तर पाती माती लिंपत जातात, कोरडी ठणठणीत असेल तर टिलर नुसता उड्या मारतो. आपल्याकडे जांभ्याचा कातळ कोठे वर आलेला आहे ते टिलरवाल्याला ठाऊक नसते. ते आधी दाखवावे, नाही तर पाती मोडतात आणि भरपाईवरून वाद होतो. माडाच्या बुंध्यापासून पाच-सहा हात आणि घराच्या जोत्यापासून दोन हात जागा टिलरला देऊ नये, ती कुदळीने हलकेच करावी. तुळशीवृंदावनाच्या पायाचेही तेच. नळाचा पाईप किंवा पंपाची वायर उथळ पुरलेली असेल तर तेथे खुंट्या माराव्यात.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे पाणी. सपाट अंगण म्हणजे पाटासारखे अंगण नव्हे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला वाट दिली नाही तर तो स्वतःची वाट काढतो, आणि ती बहुधा घराच्या जोत्यातून जाते. अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूस दहा फुटांना इंच-दीड इंच उतार हवा. तीस फूट अंगणाला तीन ते साडेचार इंच झाले. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पालखी नाचविणाऱ्याच्या पायांना जाणवत नाही, पण पाण्याला बरोबर समजतो. पारदर्शक नळीत पाणी भरून, आत बुडबुडा राहू न देता, दोन टोकांच्या खुंट्यांवर पातळी धरली की काम होते.

परंतु उतार कोणत्या बाजूस काढावयाचा, हे नळी सांगत नाही. वरच्या वाडीतील पाणी कोठून येते, जुना पाट कोणत्या पेळेखालून जात होता, कोणाच्या परसात पाणी सोडले की कज्जा उभा राहतो, हे ज्याने त्या अंगणात वीस पावसाळे काढले त्यालाच माहीत असते. गावचा गडी लावावयाचा तो यासाठी. बाहेरचा कामगार मेहनतीला कमी असतो असे मुळीच नाही, कित्येकदा तो अधिक काम उरकतो. पण त्याने पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला लावले तर जून महिन्यात तो तेथे नसतो. शेजारी मात्र असतो. एका अंगणाच्या उतारावरून दोन भाऊबंदांचे बोलणे तुटल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील, आणि ती घरे शिमग्याला एकाच पालखीला खांदा देतात.

मातीचा हिशेब आधी करावा. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अंगणात सरासरी तीन इंच भर घालावयाची तर तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास माती लागते. चोपल्यावर माती बसते, म्हणून चार ब्रास धरावी. बाहेरून माती किंवा मुरूम आणावयाचा असेल तर परवानगीची चौकशी आधी तलाठ्याकडे करावी. माती व मुरूम ही गौण खनिजे असून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खननास दंड आहे. "देवाच्या पालखीसाठी आणली" असे उत्तर तेथे चालत नाही.

व्यवहार स्पष्ट असावा. टिलर तासावर असेल तर तास कोठपासून मोजावयाचा, मालकाच्या दारापासून की अंगणात पाती फिरू लागल्यापासून? डिझेल कोणाचे? गड्यांना काम रोजाने द्यावयाचे की उक्ते? उक्ते दिले तर भर, उतार, पाणी मारणे व चोपणी यांपैकी काय काय त्यात आले? खोदाई मापावर ठरली असेल तर मधे मूळ जमिनीचा एक उंचवटा शेवटपर्यंत तसाच ठेवावा, म्हणजे किती खोल गेले ते दोघांनाही दिसते. नात्यातल्या, वाडीतल्या माणसाशी पैशाचे बोलणे जड जाते हे खरे. "देऊ काय ते, तू काही परका आहेस का?" असे म्हणून घरधनी वेळ मारून नेतो. परका नाही म्हणूनच तो मागाहून मागू शकत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला वेळ नसतो. कापणी-झोडणीच्या दिवसांत त्याचे स्वतःचे शेत पडलेले असते, त्या दिवसांत बोलाविल्यास चार रुपये जास्त द्यावेत.

बायांच्या मजुरीबद्दलही बोलले पाहिजे. फावडे मारणारा पुरुष आणि घमेली वाहणारी, नंतर दिवसभर वाकून चोपणी करणारी बाई, यांत बाईचा रोज कमी, हा प्रघात आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. अंगण टिकते ते चोपणीवर. संध्याकाळी पाणी मारून सकाळी माती अर्धवट आवळली असता चोपणे चालवावे लागते, आणि ती वेळ बाया अचूक ओळखतात. ती चुकली तर सारवण पापुद्र्यासारखे सुटते. मग कमी रोज कोणत्या हिशेबाने?

शेणाचीही आठवण ठेवावी. गोठे ओस पडले आहेत. सारवणाचे शेण ज्याच्याकडे एक-दोन गुरे आहेत त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावे व त्याचे पैसे द्यावेत.

आणि शेवटचे काम पावसाचे. पहिल्या मोठ्या सरीत, मुंबईचा घरधनी तिकडे असताना, ज्याने अंगण केले तो गडी डोक्यावर प्लास्टिक घेऊन त्या बंद घराच्या अंगणात एक फेरी मारून येतो. पाणी कोठे थांबले असेल तर फावड्याने एक रेघ ओढून त्याला वाट देतो. ही फेरी रोजात धरलेली नसते. ती ठरावात धरावी, आणि तिचे पैसे मे महिन्यातच देऊन ठेवावेत.