वन, लाकूड आणि आपला व्यवसाय

(चांदवड येथे भरलेल्या सुतार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘बदलते हवामान व वृक्ष’ हा विषय नेमून दिला. अशा विषयावर ‘झाडे लावा’ एवढे सांगून वक्ता बहुधा मोकळा होतो. परंतु आपण सुतार. झाड उभे असते तोवर ते शेतकऱ्याचे किंवा सरकारचे. पडले की ते आपल्या वाकसाखाली येते. तेव्हा पडलेल्या झाडाचे पुढे काय होते, हाही या प्रश्नाचा एक भाग आहे आणि तो आपल्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

शास्त्र थोडक्यात असे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे आणि जंगले तुटल्यामुळे हवेतील कर्बवायू वाढत चालला आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. झाड तोच वायू पानांवाटे घेते आणि त्यातील कर्ब खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते. वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कर्बाचेच असते. लाकूड जळाले वा कुजले की तो कर्ब पुन्हा हवेत जातो. पण त्याची तुळई झाली, तर ती शाबूत आहे तोवर कर्ब तिच्यात कोंडलेला राहतो.

हिशेबच मांडू. बारा फूट लांब, आठ इंच रुंद व दहा इंच उंच अशी सागवानी तुळई घ्या. घनफळ सुमारे पावणेसात घनफूट. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात साठएक किलो कर्ब, म्हणजे हवेतून घेतलेला सव्वादोनशे किलो कर्बवायू. आपल्या जुन्या चौसोपी वाड्यांत अशा तुळया किती असतात, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ आहे.

हे लाकूड किती काळ टिकते? उत्तर याच गावात आहे. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगमहालातील कोरीव लाकडी खांब दोन शतकांहून अधिक काळ भार वाहत आहेत. अधिक लांबचा दाखला हवा असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहाचे छत पाहावे. तेथील लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत! सातवाहनांच्या काळी झाडाने हवेतून घेतलेला कर्ब अद्याप तिथेच आहे. त्या ज्या हातांनी बसविल्या त्यांची नावे मात्र कोणी कोरून ठेवली नाहीत; असो.

उलटपक्षी सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते. भट्टीच्या धुराखेरीज त्या दगडातूनही कर्बवायू निघतो. जगात माणसाकडून हवेत सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूत एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे.

मग जंगल तोडून घरे बांधावीत काय? मुळीच नाही. जुन्या जंगलाच्या खोडांत, मुळांत व मातीत जेवढा साठा असतो, तेवढा घरात कधीच येत नाही. तोडीत पुष्कळसे जळते व कुजते. लाकडाचा लाभ तेव्हाच, जेव्हा तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एकतृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी असे म्हटले. महाराष्ट्रात वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी भारताने २०३० पर्यंत अडीचशे ते तीनशे कोटी टन कर्बवायू अधिकचा शोषला जाईल एवढी वने व वृक्ष वाढविण्याचे वचन दिले आहे.

ते वचन केवळ खड्डे खणून पुरे होणार नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षांचा संकल्प झाला. रोप लावतानाचे छायाचित्र निघते. त्याच रोपाला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालतानाचे छायाचित्र आम्ही तरी पाहिलेले नाही. चांदवड पर्जन्यछायेतले. उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे रोपांना कोण विचारतो? म्हणून इथल्या मातीत जगणारी झाडेच घ्यावीत: बाभूळ, कडुनिंब, अंजन. सातमाळ्याच्या डोंगरउतारांवरील गवताची कुरणे उपटून तिथे झाडे लावण्याचा उत्साहही नको. गवताच्या मुळांतही कर्ब असतोच, शिवाय जनावरांचा चारा जातो.

बाभळीविषयी आपणांस अधिक सांगणे नलगे. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके, हे सारे तिच्यावरच चालले. बैलगाडी गेली, बलुते गेले, आणि बांधावरची बाभूळही सरपणात गेली. सागाची अडचण निराळी. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे स्वतःच्या शेतातला साग तोडण्यासही परवानगी लागते. हेतू चांगला, परंतु त्या कागदपत्रांच्या धास्तीने पुष्कळ शेतकरी साग लावीतच नाहीत. बांबू २०१७ साली वनकायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे वनाबाहेर लावलेल्या बांबूपुरता मार्ग मोकळा झाला आहे. आपल्या तरुणांनी बांबूकामाकडे हलके काम म्हणून पाहू नये.

आता जे खरोखर मनाला लागते ते सांगतो. गावोगाव जुने वाडे उतरविले जात आहेत. भावाभावांची वाटणी होते, कंत्राटदाराची माणसे पहारी घेऊन येतात, आणि दीडशे वर्षांची तुळई मधोमध फोडून काढली जाते. चांगले नग व्यापारी नेतो, उरलेले भट्टीत जाते. आजोबांनी बसविलेला सांधा नातवाला उकलता येत नाही, कारण तो कारखान्यातील तयार पाट्या जोडण्यात गुंतलेला. वाडा उतरवायचा असेल तर पहारीच्या आधी सुतारास बोलवा. खुंट्या ठोकून बाहेर काढा, सांधे सोडवा, खिळे उपटा, वाळवी लागलेला भाग कापून टाका. उरलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा सरस निघते, ते पुरते मुरलेले असते.

समाजाच्या नियोजित सभागृहासाठी लोखंडी चौकटींचे दर मागविले असल्याचे आमच्या कानी आले आहे. ते पक्के होण्यापूर्वी, ज्यांच्या घरी जुन्या तुळया किंवा खांब पडून असतील त्यांनी लांबी, रुंदी व जाडी लिहून कार्यकारिणीकडे कळवावी. आमच्या स्वतःच्या पडवीत सात नग आहेत. त्यांची मापे आम्ही आजच चिटणीसांच्या हाती दिली आहेत.