देवगिरीचा हौद आणि आपली सहल

(बंगळुरूतील मराठी तरुण-तरुणींच्या अभ्यासगटात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



डिसेंबरच्या सुट्टीत बेलूर, हंपी, बदामी बघायला जायचं की नाही, यावर आपल्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालू आहे. कुणी लॉज शोधतंय, कुणी टेम्पो ट्रॅव्हलरचे दर विचारतंय. त्यात एका मैत्रिणीनं लिहिलं, "मी येत नाही. तिकडे सगळी देवळं आणि राजवाडे. त्यात आपलं काय आहे?" त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आधी माझी गोष्ट. मी सातवीत असताना शाळेची सहल दौलताबाद-वेरूळला निघाली. पैसे भरणाऱ्यांची यादी फळ्यावर लागली. वडील म्हणाले, "तेवढ्या पैशात महिन्याची ज्वारी येते." त्यांचं खरं होतं. सहल परत आली आणि सरांनी सगळ्या वर्गाला निबंध दिला, 'आमची सहल'. मी न पाहिलेल्या किल्ल्यावर दोन पानं लिहिली. दहापैकी सात गुण मिळाले!

तुम्ही हसताय, कारण तुमच्यापैकी अनेकांनी असे निबंध लिहिलेत. आपली माणसं प्रवास करत नव्हती असं नाही. ऊसतोडीला जात होती, वीटभट्टीवर जात होती, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जात होती. पण नुसतं बघायला म्हणून कुठं जायचं, ही गोष्ट आपल्या घरात नव्हती. म्हणून आज पगार हातात आला तरी तिकीट काढताना अपराधी वाटतं. बघण्यासाठी पैसे घालवायचे?

आता बाबासाहेबांच्या सहलीबद्दल सांगतो. होय, बाबासाहेबही सहलीला गेले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींमध्ये ही हकीकत आहे. साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थळदर्शनाला जायचं होतं, आणि बाबासाहेबांनी सोबत यावं अशी त्यांची इच्छा होती. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, हे आधी ठरलं. सुमारे तीस माणसं, भाड्यानं घेतलेल्या बस आणि मोटारी. नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबादकडे निघाले. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडगावात काय सोसावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचार करा, परदेशातून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस आपल्याच मुलखात लेणी बघायला निघाला, तो गाजावाजा न करता.

दौलताबादला आपली माणसं वाट बघत उभी होती. आधी चहा घ्या म्हणाली. चहा सगळ्यांनाच हवा होता, पण उजेड आहे तोवर किल्ला पाहून घेऊ, परतताना चहा घेऊ, असं ठरलं. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेला एक छोटा हौद होता. तोंडावर, कपड्यांवर प्रवासाची धूळ होती. काही जणांनी हातपाय धुतले आणि सगळे दाराशी गेले. तेवढ्यात मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. महिना रमजानचा. स्थानिक अस्पृश्यांनाही दमदाटी झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, की तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

पाण्यावर पहारा ठेवून केलेलं हे स्थळदर्शन. बाबासाहेबांनी ही हकीकत एका धर्माला झोडपण्यासाठी लिहिली नाही. जात एका धर्माच्या कुंपणात थांबत नाही, शेजारच्या घरातही शिरते, हे त्यांना दाखवायचं होतं.

आता संविधानाचं कलम १५ काढा आणि दुसरा खंड वाचा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक वावराच्या जागा, यांपैकी कशाच्याही बाबतीत जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. परीक्षेसाठी आपण ते पाठ केलेलं असतं. पण महाडचं तळं आणि दौलताबादचा हौद डोळ्यांसमोर ठेवून वाचलं, की त्या यादीत विहिरी आणि तलाव का आहेत, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. किल्ल्याच्या दारात तिकीट काढून तुम्ही आत जाता आणि नळाचं पाणी पिता, तेव्हा तुम्ही ते कलम वापरत असता. मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हे आहे.

दुसरं उत्तर जागेवर गेल्यावर मिळतं, पण त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. इथून जवळ, मंड्या जिल्ह्यात मेलुकोटे आहे. तिथं सांगतात, की रामानुजाचार्यांपासूनच्या परंपरेनुसार अस्पृश्यांना उत्सवात वर्षातले तीन दिवस मंदिरात प्रवेश होता. हे मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. तुम्ही फक्त वजाबाकी करा. उरलेले ३६२ दिवस ती माणसं कुठं उभी होती? गाईडशी भांडू नका, शांतपणे एवढंच विचारा.

बेलूरला जाल तेव्हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचं नाव दहा वेळा ऐकाल. १११७ साली हे मंदिर उभं राहिलं. पण तिथल्या मूर्तींच्या पायाशी वाकून पाहा. शिल्पकारांनी आपली नावं कोरली आहेत. बळ्ळिगावीचा दासोज, त्याचा मुलगा चावण. सोमनाथपूरला मल्लितम्माचं नाव आहे. हे आपले पूर्वज होते असं मी म्हणत नाही. पुरावा नसताना वंशावळ जोडणं हे आपलं काम नाही. पण छिन्नी धरणाऱ्या हातांना नाव होतं आणि ते दगडावर अजून आहे, एवढं तरी तिथून घेऊन या.

त्याहून जुनी सही पाहायची असेल तर चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला जा. तिथं सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. लेख ब्राह्मी लिपीत आहे, आणि शेवटी लिहिणाऱ्यानं आपलं नाव दिलं आहे, चापड. त्याच्या पुढचा 'लिपिकार' या अर्थाचा शब्द मात्र त्यानं खरोष्ठीत लिहिला, म्हणजे वायव्येकडच्या लिपीत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दोन लिप्या येणारा एक कारकून परमुलखात नोकरी करत होता. बंगळुरूत बसून दिवसभर कोड लिहिणाऱ्या तुम्हा लोकांना तो परका वाटू नये.

घरी जाताना जुन्नरच्या लेण्यांत थांबा. तिथल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. लोकांनी दिलेलं दान या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलं जाई. आज ज्या बुरुडकामाला हलकं समजतात, त्या कामाची माणसं तेव्हा दानाची ठेव सांभाळत होती. हातकामाला हलकेपणा निसर्गानं चिकटवला नाही, तो नंतर कुणीतरी चिकटवला. हे भाषणात ऐकणं वेगळं, दगडावर वाचणं वेगळं.

आणि एक जागा मुद्दाम ठेवली आहे. उद्यान एक्सप्रेसनं सोलापूर-पुण्याला जाताना वाटेत कलबुर्गी लागतं. त्या जिल्ह्यात, भीमा नदीच्या काठी, सन्नती आहे. भीमा कोरेगावहून, पंढरपूरहून वाहत येणारी तीच भीमा. तिथं चंद्रलांबा मंदिराच्या आवारात कालीचं मंदिर होतं. १९८० च्या दशकात त्याचं छत कोसळलं, आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली. ती अशोकाच्या लेखाची शिळा निघाली. त्या लेखांतला एक काय सांगतो? आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, जीभ आवरा. दुसऱ्याच्या मताचा मान राखा असं सांगणारा दगड दुसऱ्या देवतेच्या पायाखाली शतकानुशतकं मुका पडून होता. जवळच कनगनहळ्ळीला उत्खननात स्तूप सापडला, आणि राणीसोबत उभा असलेला अशोक. शेजारी ब्राह्मीत त्याचं नाव कोरलेलं. हे पाहून कुणाचं देऊळ पाडा म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर तो लेख आपण वाचलाच नाही असं होईल. पण इथं आधी काय होतं, हे म्हणायला घाबरायचंही नाही.

म्हणून जा. जाण्याआधी ब्राह्मीची अक्षरं शिकून घ्या. लेण्यांचा अभ्यास करणारी आपली मुलं महाराष्ट्रात रविवारी ती शिकवतात. सेल्फी काढा, पण शिलालेखाचाही फोटो काढा. तिथं झाडू मारणाऱ्या, संडास साफ करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला, त्याला रोज किती मिळतो ते विचारा. त्या जागेचा आजचा इतिहास त्याच्याकडे आहे.

आणि जमलं तर आईवडिलांना सोबत न्या. नोकरी लागल्यावर मी आईला दौलताबादला घेऊन गेलो. वडील तोवर राहिले नव्हते. किल्ल्याच्या दाराशी बसून तिला १९३४ ची ती हकीकत सांगितली. ती ऐकत होती. हौद, शिव्या, शिपाई, सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "मग बाबासाहेबांना चहा मिळाला का रे?"

हकीकत शिपायापाशी संपते, परतीच्या चहाबद्दल त्यात काही नाही. पण मला दुसरं माहीत होतं, ते मी तिला सांगितलं. त्याच औरंगाबादला, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. ज्या मुलखात पाण्यावर पहारा होता, तिथं त्यांनी आपल्या पोरांसाठी वर्ग बांधले.

आई उठली, नळावर बाटली भरली आणि म्हणाली, "चल, वरपर्यंत जाऊ." गुडघे दुखत होते तरी ती निम्म्याच्या वर चढली.

ग्रुपवरच्या मैत्रिणीला म्हणेन, गावी जा, आईला मदत कर. आणि पुढच्या सुट्टीत तिला घेऊन ये. गाडीत दोन जागा ठेवू.

जय भीम.