बटण दाबल्यासारखी धडधड



भीतीसाठी आपल्या मराठीत जे शब्द आहेत, त्यांतले बरेचसे छातीशी जोडलेले. धडकी भरते, काळजात धस्स होतं, काळजाचं पाणी होतं. त्यामुळे कुणी दवाखान्यात येऊन "छातीत धडधडतंय" म्हणालं, की तक्रार हृदयाची आहे की मनाची, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. मग आम्ही डॉक्टर मंडळी, विशेषतः बाहेर पंचवीस जण ताटकळत बसलेले असले की, सोपं उत्तर उचलतो : टेन्शन घेऊ नका.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. खानावळ चालवणाऱ्या, वय बेचाळीस. कणकेची परात उचलायला वाकल्या, की कधीतरी अचानक छाती धडधडायला लागायची. हातपाय गार, घशाशी काहीतरी उडतंय असं वाटायचं, आणि "आता मी जाते" ही भीती. अर्ध्या तासाने सगळं शांत. दोन वर्षांत चार ईसीजी झाले होते, चारही नॉर्मल. होणारच. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी म्हणजे पाऊस उघडल्यावर छप्पर कुठे गळतं ते बघायला जाणं. घरच्यांनी आधी कांदा हुंगवला, मग अंगारा आणला, मग कुणी म्हणालं, हिला कामाचा कंटाळा आलाय.

मी त्यांना एकच विचारलं : सुरू कसं होतं? त्या म्हणाल्या, "दिव्याचं बटण दाबावं तसं. आणि बंदही तसंच होतं, खट्कन."

त्या खट्कनमध्ये निम्मं निदान होतं. घाबरल्याने, तापाने, जिना चढल्याने वाढलेले ठोके चढत चढत वाढतात आणि हळूहळू उतरतात. एका क्षणात ८० वरून १८० वर जाणारं आणि एका क्षणात परत येणारं हृदय बहुधा विजेच्या बिघाडाचं असतं. याला एसव्हीटी म्हणतात. ही खूण दर वेळी खरी ठरतेच असं नाही, कारण पॅनिकचा झटकाही काहींना एकदम येतो. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

बिघाड काय असतो? हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज जायला मध्ये एक नाका आहे. काही जणांच्या नाक्यावर जन्मापासून एकाऐवजी दोन गल्ल्या असतात. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण एखादा अवेळी ठोका एका गल्लीतून खाली उतरतो आणि दुसरीतून परत वर येतो, पुन्हा पहिलीतून खाली. असा फेरा सुरू झाला, की प्रत्येक फेऱ्याला हृदय एकदा धडकतं, मिनिटाला दीडशे, दोनशे वेळा. हृदय निरोगी असलेल्या माणसाच्या जिवाला यात सहसा धोका नसतो. पण तसा धोका नाही हे आपल्या शरीराला कोण सांगणार? ते घाबरतंच. म्हणजे इथे भीतीने हृदय धावत नाही, हृदय धावल्याने भीती वाटते. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा आजार असलेले १०७ रुग्ण पाहिले, तर त्यांतल्या ६७ टक्क्यांची लक्षणं पॅनिकच्या व्याख्येत चपखल बसत होती.

तेव्हा धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा. आमच्या बाईंचा एकदा असा सापडला : मिनिटाला १८६ ठोके.

आता त्या मिनिटांत करायचं काय? आधी खाली बसा. गाडीवर असाल तर बाजूला घ्या, कारण चक्कर येऊ शकते. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. मोजता येणार नाही इतक्या वेगात असतील, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे.

एसव्हीटी आहे असं निदान झालेल्यांसाठी एक युक्ती आहे. दहा मिलीची सिरिंज, सुई काढलेली. अर्धवट टेकून बसायचं, तोंड लावून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय उचलून आणखी पंधरा सेकंद धरायचे. याने व्हेगस नावाचा मज्जातंतू चेतवला जातो आणि नाका क्षणभर बंद पडतो, फेरा तुटतो. २०१५ साली इंग्लंडमध्ये याची चाचणी झाली. नुसतं फुंकून बसून राहिलेल्यांत १७ टक्क्यांचे ठोके ताळ्यावर आले, पाय उचललेल्यांत ४३ टक्क्यांचे. गंमत म्हणजे कुंथण्याच्या या युक्तीला ज्या वाल्साल्वाचं नाव आहे, तो इटलीतला शरीरशास्त्रज्ञ तीनशे वर्षांपूर्वी तिचा उपयोग कानातला पू काढायला सांगत होता! एकदा डॉक्टरांसमोर शिकून मगच घरी करा. डोळे दाबायचा जुना उपाय मात्र करू नका, डोळ्याला इजा होते. मानेची शीर चोळणंही घरी नको.

एवढ्याने थांबलं नाही, तर दवाखान्यात ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात. त्याचा अंमल काही सेकंदांचाच, पण त्या सेकंदांत अगदी जीव जातोय असं वाटतं. हे रुग्णाला आधी सांगायला हवं. पुष्कळदा सांगत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे जांघेतल्या शिरेतून तार घालून जास्तीची गल्ली उष्णतेने बंद करणं. या प्रकारात तो शंभरात नव्वदांहून अधिक जणांना लागू पडतो.

छातीत दुखत असेल, दम लागत असेल, शुद्ध हरपली असेल, आधीचा हृदयविकार असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर युक्त्या करत बसू नका. १०८ ला फोन करा.

आणि ईसीजी धडधडीतच काढला, तरी ठोके वेगात असूनही ताल सरळ निघाला तर? मग रक्त तपासा : हिमोग्लोबिन, थायरॉइड. चहा किती होतो ते मोजा, सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का ते बघा. हे सगळं ठीक निघालं आणि पॅनिक ठरलं, तरी ते नाटक नव्हे. घाईघाईने श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि त्या मुंग्यांनी आणखी भीती. अशा वेळी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि उतरतो. तो थांबवायची झटापट करू नये, उतरू द्यावा. बोलायला माणूस हवं असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.

खरा त्रास दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत असतो. बाईंनी एसटी सोडली, लग्नाला जाणं सोडलं, बाजारात गेल्या तरी दवाखान्याच्या बाजूने चालायच्या. मुलाने हौसेने मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं, तर त्या पोळी लाटताना दर मिनिटाला त्यातला आकडा बघायच्या आणि आकडा बघून आकडा वाढायचा. नोंद ठेवायला ते घड्याळ चांगलं, पहारा करायला वाईट. मी ते काढायला लावलं. मग एक थांबा एसटीने, मग दोन थांबे, मग तालुक्याचं गाव, असं चढत नेलं.

तारेचा उपाय बाई दिवाळीनंतर करणार म्हणतात. तोवर आषाढात अर्ध्या तिकिटात पंढरपूरला जाऊन आल्या. पर्समध्ये सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात सिरिंज होती. वाटेत एकदा धडधडलं, तेव्हा मागच्या बाकावर आडव्या झाल्या, आणि पाय धरले शेजारच्या अनोळखी माळकरी बाईंनी.