बुडाला न कळणारी गाडी

(करोल बागेतील हिवाळी व्याख्यानमालेत गुंफलेले तिसरे पुष्प, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत माझा विषय ‘व्हिडिओ गेममधील जुन्या रेसगाड्या : एक स्मरणरंजन’ असा छापलाय. त्यातल्या गाड्या माझ्या, गेम माझे. स्मरणरंजन संयोजकांचं. (हशा) ते मला मान्य नाही, आणि आजची संध्याकाळ मी त्यावरच खर्च करणार आहे.

गेम म्हणजे काय, प्लेस्टेशन कशाशी खातात, हे सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्या घरी नातवंडं आहेत. दिल्लीत जुन्या गाडीचे काय हाल होतात तेही सांगायला नको. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल, मग गाडी बाद, असा नियमच निघाला होता. आर्य समाज रोडवर जुन्या गाड्यांचा धंदा करणारे दोघे-तिघे समोर बसलेत, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा, पुरे.

तर सगळे म्हणतात, म्हाताऱ्यांना तरुणपण आठवावं म्हणून गेमवाले जुन्या गाड्या घालतात. बरं. आता बीडनपुऱ्यात चला. तिथे आपल्या विटा-आटपाडीकडच्या, सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांची दुकानं आहेत. संध्याकाळी भट्टी बंद झाली की पोरं माळ्यावर चढतात. गफ्फार मार्केटातून आणलेलं सेकंडहँड स्टिअरिंग लोखंडी टेबलाला आवळलेलं. ब्रेक जोरात दाबला की पेडल मागे सरकतात, म्हणून त्यांच्या पाठीशी तांदळाचं पोतं, आणि पोतं भिंतीला टेकवलेलं. तिथे एक विशीतला मुलगा खेळत होता. निवडायला ढीगभर नव्या गाड्या असताना त्यानं १९६७ ची लोटस ४९ घेतलेली. म्हटलं, “हीच का रे?” नजर पडद्यावरच ठेवून तो म्हणाला, “काका, ही घसरायच्या आदी सांगती. नवी गाडी डायरेक भितीत.”

ती गाडी चालवणारा जिम क्लार्क कोण, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांचाही जन्म १९६७ नंतरचा. त्याला काय आठवणार?

पण तो म्हणाला ते मात्र शंभर टक्के खरं. ४ जून १९६७, हॉलंडमधलं झांडफोर्ट. लोटस ४९ पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि त्याच दिवशी क्लार्कनं ती शर्यत जिंकून दाखवली. पाठीमागे कॉसवर्थचं तीन लिटरचं नवंकोरं डीएफव्ही इंजिन, चारशेच्या आसपास अश्वशक्ती. गाडीचं वजन साधारण पाचशे किलो. सांगाडा ड्रायव्हरच्या पाठीशी संपतो. तिथून मागे इंजिन हाच सांगाडा, मागची चाकं त्याच्याच आधारानं. पुढे या इंजिनानं १९८३ पर्यंत दीडशेवर ग्रां प्री जिंकल्या, तो इतिहास सोडून देतो. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या गाडीला पंख नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये पंख आले १९६८ साली.

आजच्या गाडीला पंख आणि तळ मिळून वाऱ्याच्या जोरावर जमिनीशी दाबून धरतात. वेग वाढला की पकडही वाढते. त्यामुळे ती वळणात नाक जिकडे तिकडेच जाते, आणि सुटली की एका क्षणात सुटते. लोटस ४९ ला आधार फक्त रबराचा. वळणात तिचं नाक आतल्या बाजूला आणि गाडी तिरकी. मागचा भाग सावकाश बाहेर सरकतो, टायर ओरडू लागतात, चालवणारा स्टिअरिंग उलटं फिरवतो आणि उजव्या पायानं तिला तिथेच धरून ठेवतो.

आता माझं म्हणणं ऐका. घरी हे आता कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. खऱ्या गाडीत घसरण डोळ्यांना दिसायच्या आधी बुडाला कळते. गेममध्ये बूड खुर्चीवर आणि खुर्ची करोल बागेत! (हशा) अंगाला काहीच कळत नाही. उरतात डोळे, कान आणि स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते तो ओढा. म्हणून जी गाडी डोळ्यांना दिसेल इतकी सावकाश घसरते, कानांना आधी सांगते, तीच पडद्यावर चालवायला गोड लागते. गलाईवाला मुशीतल्या सोन्याचा रंग बघून आत काय चाललंय ते ओळखतो, हात घालत नाही. या पोराचं तेच.

आमच्याकडे फियाट होती. वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत. मामांनी मला पहाटे पुसा रोडवर शिकवली, तेव्हा तो रस्ता मोकळा असायचा, विश्वास ठेवा. मामा गाडीत बसले की आधी स्पीडोमीटरवर रुमाल टाकायचे. “आकडा बघायचा नाही. ऐकायचं.” चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये थोडी रेस द्यायची, नाहीतर गिअरबॉक्स असा कडाडायचा की फुटपाथवर झोपलेले उठून बसायचे. झंडेवालानच्या चढावर एकदा मामांनी मुद्दाम थांबायला लावलं. मागे दूधवाल्याची सायकल, दोन्ही बाजूंना बरण्या. मामा म्हणाले, गाडी चार बोटं मागे गेली तर दुधाचे पैसे तू देशील. मी हँडब्रेक धरून बसलोय, दूधवाला हरियाणवीत माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतोय, आणि मामा शांतपणे पान…

चिठ्ठी आली. ‘विषयाकडे वळावे.’ अहो, हाच विषय आहे! (हशा, टाळ्या) बरं, दूध सांडलं नाही. पुढे जाऊ.

१९९८ साली अमेरिकेतल्या पपायरस कंपनीनं ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा गेम काढला. त्यात सगळा हंगाम १९६७ चा. लोक पहिल्याच वळणावर उलथायचे. दुकानात तो फारसा चालला नाही, पण ज्यांना जमला त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. त्याच्या कर्त्यांपैकी डेव्हिड केमर यांनी पुढे ‘आयरेसिंग’ उभं केलं, त्यातही ही लोटस आहेच. इटलीच्या ‘असेटो कोर्सा’तही आहे.

आणि आपलं ग्रेटर नोएडा! ३० ऑक्टोबर २०११ ला तिथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हा कोण कोण गेलं होतं? दोन हात. बाकीच्यांनी तिकिटाचा भाव ऐकला असणार. शुक्रवारी सरावात ट्रॅकवर कुत्रा आला आणि सराव थांबवावा लागला. (हशा) हसताय काय, रहिवासी तोच होता. शर्यत तीन वर्षं झाली, तिन्ही वर्षं फेटेल हाच ड्रायव्हर जिंकला, २०१३ नंतर शर्यत गेली. टॅक्सची भानगड तुम्ही पेपरात वाचलीच आहे. पण कोडमास्टर्स कंपनीच्या ‘एफ वन २०१३’ या गेममध्ये आपला हा ट्रॅकही आहे आणि ऐंशीच्या दशकातल्या गाड्याही. म्हणजे १९८० ची विल्यम्स ग्रेटर नोएडाला पळवायची तर तिथेच. याच कंपनीनं पुण्यात स्टुडिओ काढला, आपल्या मुलामुलींचे हात या कामाला लागलेत. मात्र २०२१ च्या गेमपासून त्यांनी जुन्या गाड्या काढून टाकल्या. करंटेपणा, दुसरा शब्द नाही.

पहिल्या रांगेतून प्रश्न आलाय: ज्या गाड्यांत माणसं मेली त्यांचा खेळ का? प्रश्न रास्त आहे. त्याच १९६७ च्या हंगामात मोनाकोला लोरेन्झो बांदिनी भाजून गेला. क्लार्क स्वतः ७ एप्रिल १९६८ ला हॉकेनहाइमला गेला, तोही लोटसमध्येच. गेममध्ये ‘रीस्टार्ट’चं बटण आहे, त्यांच्याकडे नव्हतं. त्या पोराला मी हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं बटण दाबलं. मला त्याचा राग आला नाही. खऱ्या लोटस ४९ मध्ये मी त्याला बसू दिलं नसतं, एवढं नक्की. नाही, नाही, मी समर्थन करत नाहीये, आपण चहाच्या वेळी बोलू.

दुसरी चिठ्ठी. साडेआठला सभागृह सोडायचंय. इंजिनांच्या आवाजावर अर्धा तास बोलणार होतो, फेरारीचं व्ही-ट्वेल्व्ह आणि आजचं व्ही-सिक्स तुम्हाला ऐकवणार होतो, ते राहिलं. मागच्या कोपऱ्यात पोरांनी स्टिअरिंग मांडलंय, पोत्यासकट. बसायचं त्यांनी बूट काढून बसावं, पेडल उसने आणलेत. लोटसला बिचकू नका, फक्त दुसऱ्या गिअरमध्ये वळण संपायच्या आत पाय दाबू नका. पहिला नंबर अध्यक्षांचा लावलाय. ते मानेनं नाही म्हणतायत, पण चष्मा पुसायला घेतलाय.